आपलं कॅलेंडर कुणाला किती दाखवायचं?

मैत्रिणींनो, भिंतीवरचं कालनिर्णय आपल्याला काही नवं नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं आणि बघता बघता ते घरोघरी खिळ्याला लागलं. त्यातल्या तिथ्या आणि सणवार सगळेच बघतात. पण वर्ष संपल्यावर ते खाली काढताना तारखांच्या चौकोनांत बाईनं काय काय लिहून ठेवलंय ते एकदा वाचा. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, म्हैस कधी भरवली, लेकराचा डोस, गटाची बैठक, बँकेचा हप्ता. आपल्या कामाचा एवढा नेमका हिशेब दुसऱ्या कुठल्या वहीत सापडायचा नाही.

हेच कॅलेंडर इंटरनेटवर ठेवता येतं, आणि आपण म्हणू त्या बाईला तिच्या गावात बसून बघता येतं. या अंकाचा पाठ त्यावर आहे. पाठासाठी गूगल कॅलेंडर घेतलंय, कारण ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे त्यांच्यातल्या बहुतेकींचं गूगलचं खातं आधीच उघडलेलं असतं आणि याला वेगळे पैसे पडत नाहीत. शिकायला तास-दीड तास पुरतो. त्याहून जास्त डोकं लागतं ते कुणाला काय दाखवायचं हे ठरवायला, म्हणून पाठाचा मोठा भाग त्याच गोष्टीवर आहे.

आधी गरज कुठे आहे ते बघू. समजा, महिन्याचा दुसरा मंगळवार आहे. सकाळी ग्रामसंघाची बैठक, त्याच दिवशी बँक सखीनं कर्जाच्या कागदांवर सह्यांसाठी अध्यक्ष-सचिवांना शाखेत बोलावलेलं, आणि दुपारी तालुक्याला प्रशिक्षण. तिन्हीकडे जायचं त्याच दोघी-तिघींनी. कुणाचीच चूक नसते. प्रत्येकीनं आपापल्या वहीत बघून तारीख दिलेली असते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निरोप टाकला म्हणावं, तर तो सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. शिवाय तारीख दोनदा बदलली की शेवटचा निरोप कुठला यावर अर्धा दिवस फोनाफोनी. कॅलेंडरमध्ये बैठकीची नोंद एकच असते. ती सरकवली की बघणाऱ्या सगळ्यांना सरकलेलीच दिसते.

कॅलेंडर फोनात नसतं, खात्यात असतं

ही एक गोष्ट नीट समजली की बाकी सोपं आहे. आपण नोंद फोनवरून केली तरी ती साठते आपल्या गूगल खात्यात. त्यामुळे प्रभागसंघाच्या कार्यालयातल्या संगणकावर, मुलीच्या लॅपटॉपवर, कुठंही ब्राउझर उघडून आपलं कॅलेंडर बघता येतं. ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स किंवा एज, ज्यातून आपण वेबसाइट उघडतो ते. वरच्या पट्टीत कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम असं इंग्रजीत टाकायचं, आपला जीमेल पत्ता आणि पासवर्ड द्यायचा, की महिना समोर येतो. डाव्या बाजूला आपल्या कॅलेंडरांची यादी असते. वरच्या बाजूला दिवस, आठवडा, महिना असं बदलून बघायची सोय आहे. ‘शेड्यूल’ निवडलं तर चौकोन जातात आणि कामांची तारीखवार यादी येते. चौकोनांपेक्षा ती वाचायला सोपी पडते.

अक्षरं इंग्रजीत दिसत असतील तर वरच्या दातेरी चाकाच्या खुणेवर क्लिक करून सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करता येते.

आता आपल्याकडची खरी अडचण. घरात फोन एकच, आणि त्यातलं खातं बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाचं. त्या फोनवर आपण नोंद केली तर ती त्यांच्या खात्यात जाते, आणि मुलगा नोकरीला पुण्याला गेला की नोंदीही त्याच्याबरोबर गेल्या! म्हणून ज्या बाईकडे गटाची जबाबदारी आहे तिनं स्वतःचं खातं उघडावं, भले फोन कुणाचाही असो. आणि पासवर्ड स्वतःला लक्षात राहील असा स्वतःच ठेवावा. भाच्यानं ठेवून दिलेला पासवर्ड हा भाच्याचा असतो.

कार्यालयातल्या किंवा सेवा केंद्रातल्या संगणकावर काम झालं की कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर क्लिक करून ‘साइन आउट’ करायचं. ब्राउझर ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ म्हणून विचारतो, तिथं नाही म्हणायचं. खिडकी नुसती बंद केली तर खातं उघडंच राहतं, आणि पुढे बसणाऱ्याला आपलं कॅलेंडरच काय, मेलसुद्धा वाचता येतात.

एक गटाचं, एक आपलं

खातं उघडलं की आपल्या नावाचं एक कॅलेंडर आपोआप मिळतं. ते आपलं स्वतःचं. गटाच्या तारखा त्यात घालून तेच सगळ्यांना दाखवायचा मोह होतो, पण तसं करू नका. गटासाठी वेगळं कॅलेंडर करा.

संगणकावरच्या ब्राउझरमध्ये डाव्या बाजूला ‘अदर कॅलेंडर्स’ अशी ओळ दिसते, तिच्याजवळ अधिकची खूण असते. तिथं क्लिक करून नवीन कॅलेंडर निवडायचं, नाव द्यायचं, म्हणजे ‘ग्रामसंघ बैठका’ किंवा तुम्हाला ओळखू येईल ते, आणि तयार करायचं. झालं. आता एकाच खात्यात दोन कॅलेंडरं आहेत. दोन्हींना वेगळा रंग द्या. आपण बघताना दोन्ही एकावर एक दिसतात, त्यामुळे गटाची बैठक आणि माहेरचं लग्न एकाच दिवशी आलं तर आपल्याला लगेच कळतं. गटातल्या बायकांना मात्र फक्त गटाचं दिसतं.

नोंद करताना एका ठिकाणी नजर ठेवावी लागते. नोंदीच्या चौकटीत कॅलेंडरचं नाव असतं आणि तिथं बहुतेक वेळा आपलं स्वतःचं नाव आधीच बसलेलं असतं. बैठक असेल तर ते बदलून गटाचं करायचं. ते राहिलं तर आपण म्हणतो ‘मी तर टाकलंय’, आणि बाकीच्या म्हणतात ‘आम्हाला कुठं दिसतंय’. दोघीही खरं बोलत असतात.

दाखवायचं म्हणजे किती?

डावीकडच्या यादीत गटाच्या कॅलेंडरच्या नावावर माउस नेला की तीन ठिपके येतात. त्यातून ‘सेटिंग्ज अँड शेअरिंग’ उघडायचं. खाली माणसं जोडायची जागा आहे; तिथं त्या ताईंचा जीमेल पत्ता लिहायचा. मग अधिकार निवडायचा असतो. घाईत इथंच बघितलं जात नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

अधिकार चार प्रकारचे आहेत. सगळ्यात कमी अधिकारात समोरच्या बाईला आपण कुठल्या वेळी मोकळ्या आहोत आणि कुठल्या वेळी व्यस्त, एवढंच दिसतं. काम काय ते दिसत नाही. दुसऱ्या अधिकारात नोंदीतलं सगळं वाचता येतं, पण हात लावता येत नाही. तिसऱ्यात नोंदी बदलता आणि पुसता येतात. चौथ्यात बदल तर करता येतातच, शिवाय आणखी कुणाला दाखवायचं हेही ठरवता येतं. चौथा अधिकार म्हणजे किल्ली हातात देणं.

माझं मत विचाराल तर गटाच्या कॅलेंडरसाठी सर्व सदस्यांना दुसरा अधिकार द्यावा. सीआरपी ताई आणि सचिव यांना तिसरा. चौथा फक्त दोघींकडे. सगळ्यांना तिसरा दिला तर विश्वास दाखवल्यासारखं वाटतं, पण लहान पोराच्या हातात फोन गेला आणि त्यानं बैठकीची नोंद पुसली, तर ती सगळ्यांच्या कॅलेंडरमधून जाते. गेलीच तर घाबरू नका. संगणकावर दातेरी चाकाच्या खुणेत कचरापेटी असते, पुसलेली नोंद तिथं साधारण ३० दिवस राहते आणि परत आणता येते. ते काम बदलाचा अधिकार असलेल्या बाईनंच करायचं.

पत्ता टाकून पाठवलं की त्या ताईंना ईमेल जातो. त्यातल्या दुव्यावर क्लिक करून त्यांनी कॅलेंडर आपल्या यादीत जोडून घ्यायचं. इथंच निम्म्या बायका अडकतात, कारण आपण मेल उघडतच नाही. तेव्हा पाठवणारीनं बैठकीतच सांगावं, ‘आत्ता फोन काढा, मेल उघडा.’ दहा मिनिटांचं काम आहे. समोरासमोर झालं तर होतं, नाहीतर राहतं.

आणि आठवणीची घंटी? ती प्रत्येकीची आपापली. सचिवांनी स्वतःच्या फोनवर एक दिवस आधीची घंटी लावली म्हणून बाकीच्यांच्या फोनवर ती वाजत नाही. जिला हवी तिनं त्या कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लावून घ्यायची.

त्याच पानावर आणखी एक चौकोन आहे: कॅलेंडर सार्वजनिक करण्याचा, म्हणजे जगात कुणालाही ते बघता येईल असा. मेल उघडण्याची कटकट नको, सार्वजनिक करून दुवा ग्रुपवर टाकू, असं कुणीतरी सुचवतंच. प्रदर्शनाच्या किंवा आठवडी विक्रीच्या तारखांसाठी वेगळं कॅलेंडर करून ते सार्वजनिक केलं तर चांगलंच, गिऱ्हाईक येईल. बैठकांचं मात्र नको. कुठल्या दिवशी कुठल्या घरी गटाच्या बचतीची रोकड जमते हे ओळखी-अनोळखी माणसाला सांगायचं कारण काय? याच कारणानं गटाच्या आतल्या नोंदीतसुद्धा ‘हप्ता भरणे, शाखा, ११ वाजता’ एवढं पुरतं. रक्कम किती आणि ती कोण घेऊन जाणार हे लिहू नये.

बँकेचे साहेब किंवा प्रशिक्षक यांना एकाच बैठकीला बोलवायचं असेल तर अख्खं कॅलेंडर दाखवायची गरज नाही. त्या एका नोंदीत पाहुणे जोडायची जागा असते, तिथं त्यांचा पत्ता टाकला की तेवढ्याच बैठकीचं आमंत्रण जातं आणि येणार की नाही हे त्यांना तिथंच कळवता येतं.

उलट्या बाजूनंही सावध राहायला हवं. कधीकधी आपल्याच कॅलेंडरमध्ये ‘बक्षीस लागलं, इथं क्लिक करा’ अशी नोंद येऊन बसते. ती कुणी अनोळखी माणसानं पाठवलेल्या आमंत्रणातून आलेली असते. दुव्याला हात लावायचा नाही. सेटिंग्जमध्ये ओळखीच्या माणसांचीच आमंत्रणं आपोआप दिसावीत अशी निवड आहे, ती करून ठेवा.

आपली वेळ आपली

आता आपल्या स्वतःच्या कॅलेंडरबद्दल. ते कुणालाच दाखवलं नाही तरी चालतं. पण ज्यांना गावोगाव फिरावं लागतं त्या सीआरपी, पशुसखी, कृषी सखी यांना उपयोगी पडेल तो पहिला अधिकार. समजा, प्रभागसंघाच्या लेखापालांना तुमचं कॅलेंडर ‘मोकळी-व्यस्त’ एवढंच दाखवलंत. गुरुवारी १० ते १ या वेळेत तुम्ही व्यस्त आहात हे त्यांना दिसेल आणि त्या तुम्हाला तेव्हा बोलावणार नाहीत. तुम्ही डॉक्टरकडे आहात, कोर्टात आहात, सोयाबीन काढताय की लेकीला भेटायला गेलाय, हे दिसणार नाही. बाईला कामाला नाही म्हणताना कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की ते पुरेसं आहे का यावर चर्चा होते. इथं नुसतं ‘व्यस्त’ लिहिलेलं असतं. शेतातल्या आणि घरातल्या कामाची वेळही त्यात टाका, तीही व्यस्तच असते. टाकली नाही तर आपण दिवसभर मोकळ्याच दिसू.

एकेका नोंदीला ‘प्रायव्हेट’ करायची सोय आहे, तिच्यावर मात्र फार विसंबू नका. ज्यांना आपण त्या कॅलेंडरमध्ये बदल करायचा अधिकार दिलाय त्यांना प्रायव्हेट नोंदही वाचता येते. गटाच्या कॅलेंडरमध्ये खासगी गोष्ट लपवून ठेवण्यापेक्षा ती तिथं टाकूच नये.

हे दुसऱ्यांच्या खासगी गोष्टींना तर जास्तच लागू आहे. गटात आरोग्याचं काम बघणाऱ्या ताई सदस्यांच्या तपासण्यांच्या तारखा सांभाळतात. ‘आरोग्य शिबिर, उपकेंद्र’ ही नोंद गटाच्या कॅलेंडरमध्ये हवीच. पण अमकीची सोनोग्राफी, तमकीची रक्ततपासणी ही नोंद तिथं नको. ती त्या बाईच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये, तिच्या इच्छेनं. थकलेल्या कर्जाचंही तसंच. वसुलीची भेट नावानिशी बारा घरांत दिसली तर ती बाई पुढच्या बैठकीला यायची नाही, आणि हप्ताही.

फोन घरात चार जणांच्या हातात फिरत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. आठवणीची घंटी वाजते तेव्हा नोंदीचं नाव पडद्यावर येतं, आणि ते फोन ज्याच्या हातात असेल तो वाचतो. जे कुणी वाचू नये असं वाटतं त्याला आपल्यालाच कळेल असं नाव द्या. ‘तालुक्याचं काम’ एवढं पुरतं. किंवा घंटी बंद ठेवा आणि कार्यालयातल्या ब्राउझरवर जाऊन बघा.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा

हा भाग सोपा आहे, पण आपल्याकडच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. दर मंगळवारची बैठक एकदाच टाकून ‘दर आठवड्याला’ निवडलं की वर्षभर येत राहते. ग्रामसंघाची बैठक ‘महिन्याचा दुसरा मंगळवार’ अशीही ठेवता येते. एखाद्या वेळी बदल करायचा असेल तर फक्त हीच नोंद, ही आणि पुढच्या, की सगळ्या, असा प्रश्न येतो. पोळ्यामुळे एकच बैठक पुढे ढकलायची असेल तर ‘फक्त हीच’ निवडा.

हप्ता ३० तारखेचा असेल तर फेब्रुवारीत ३० तारीख नाही, म्हणून त्या महिन्यात नोंदच येत नाही. मार्च आला की बँक विचारते. अशा हप्त्याची नोंद २५ तारखेला ठेवलेली बरी, पैसे जमवायलाही पाच दिवस मिळतात.

सणांचं गणित वेगळं. वाढदिवस दर वर्षी त्याच तारखेला येतो, पण संकष्टी, एकादशी, गौरी-गणपती तिथीनं येतात आणि इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. तिथं ‘दर वर्षी’ निवडू नका. डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की ते समोर ठेवून पुढच्या वर्षीचे सण आणि गावची जत्रा गटाच्या कॅलेंडरमध्ये एकदाच भरून घ्यायची. भिंतीवरचं काढून टाकायचं कुणी म्हणत नाहीये.

पशुसखींसाठी एक उपयोग. गाय भरवली की त्या दिवशी नोंद करा आणि २१ दिवसांनी दुसरी नोंद करा: ‘माजावर आली का बघणे’. पशुपालक ताईंना त्याच नोंदीत पाहुण्या म्हणून जोडलं तर त्यांच्याही फोनवर आठवण येते.

पदाधिकारी बदलले की काय?

कॅलेंडर सचिव ताईंच्या खात्यात केलं, आणि दोन वर्षांनी सचिव बदलल्या. नव्या बाईकडे ठरावाचं रजिस्टर येतं, शिक्का येतो, कॅलेंडर मात्र जुन्या खात्यातच राहतं. ते खातं बंद झालं तर कॅलेंडरही जातं. म्हणून ग्रामसंघाच्या नावानं वेगळं खातं उघडावं आणि गटाचं कॅलेंडर त्यात करावं, हे उत्तम. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, कपाटात कुलपात. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदलायचा आणि जुन्या पदाधिकाऱ्यांचे अधिकार कमी करायचे. यात कुणाचा अपमान नाही, बँकेतल्या सह्याही आपण बदलतोच. आणि खातं वापरात ठेवा. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल ते खातं पुसू शकतं.

गटातल्या ज्या मैत्रिणींकडे फोन नाही त्यांना यातून वगळू नका. महिना सुरू होताना कार्यालयातल्या संगणकावरून गटाचं कॅलेंडर छापता येतं. दातेरी चाकाच्या खुणेतच प्रिंटची सोय आहे. एक प्रत कार्यालयाच्या भिंतीला, एक अंगणवाडीत लावा, अर्थात अंगणवाडी ताईंना विचारून. छापण्याआधी त्यावरची नावं एकदा वाचून घ्या.

सराव

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक ग्रामसंघातल्या दोघींनी एवढं करून बघावं. गटाचं वेगळं कॅलेंडर तयार करायचं, येत्या तीन महिन्यांच्या बैठका आणि हप्ते त्यात टाकायचे, आणि एकमेकींना दुसरा अधिकार देऊन ते उघडतंय का बघायचं. मग एकीनं एक बैठक एक दिवस पुढे सरकवायची आणि दुसरीनं आपल्या ब्राउझरमध्ये ती सरकलेली दिसते का ते तपासायचं. दिसली नाही तर आधी नोंद कुठल्या कॅलेंडरमध्ये गेलीय ते बघा, बहुतेक वेळा तिथंच सापडतं. कुणाला कुठला अधिकार द्यायचा हे मात्र दोघींनीच ठरवू नका. ते बैठकीत विषय म्हणून घ्या आणि ठरेल ते रजिस्टरमध्ये लिहा.